संशोधनाला चावडी हवी

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ग्रंथालय, प्रयोगशाळा, जाड बांधणीचा प्रबंध आणि मौखिक परीक्षेसाठी बाहेरगावाहून आलेले परीक्षक उभे राहतात. ह्या चित्रात सामान्य माणसाला कोठेच जागा नसते. त्याच्याकडून माहिती घेतली जाते, प्रश्नावली भरून घेतली जाते, क्वचित त्याचे छायाचित्रही काढले जाते. पण आपण काय शोधायला निघालो आहोत हे त्याला आधी सांगावे आणि त्यावर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी प्रथा आपल्याकडे नाही. ही प्रथा पडली पाहिजे, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील कला महाविद्यालयांनीच ती पाडली पाहिजे, असे मला आग्रहाने मांडावयाचे आहे.

हा विषय आताच काढण्याला कारण आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आला. म्हणजे काल केवळ टिपणे पाठ करणारा विद्यार्थी आज, नावाला का होईना, संशोधक झाला. त्याआधी, २००६ पासून, राज्यपाल-कुलपतींच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू आहे. त्यात सहा गट असतात आणि मानव्यविद्या, भाषा व ललितकला हा त्यांपैकी एक आहे. तरीही आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी की, आविष्कार म्हणजे विज्ञानवाल्यांचे काम! जे जातात, तेही भित्तिपत्रक बहुधा इंग्रजीत करतात आणि परीक्षक समोर आले की पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखवितात. परीक्षक पुढे सरकले की विषय संपला. ज्या गावावर प्रकल्प केला, त्या गावाला त्याची वार्ताही नसते.

आपला विषय परक्या माणसाला समजेल असा मांडणे ही कला आहे, हे जगाने ओळखले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले संशोधन तीन मिनिटांत, एकाच चित्रफलकाच्या आधाराने, त्या विषयातील तज्ज्ञ नसलेल्या श्रोत्यांना सांगावयाचे. आज अनेक देशांत ही स्पर्धा होते. हे चांगलेच आहे. मात्र तेथे बोलणारा बोलतो आणि ऐकणारा गुण देतो. मला हवे आहे ते ह्याच्या एक पाऊल पुढचे. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारावा, आणि त्या प्रश्नाने मूळ कल्पनाच सुधारावी.

असे खरोखर घडते काय? त्याचा दाखला आपल्या दारातच आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी तिची पायाभरणी झाली. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश जाणार, परत येणार आणि दूरच्या विश्वातील उलथापालथीची सूक्ष्म थरथर टिपणार. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच अशी लहर टिपली. लांबीतील तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्याही अगदी लहान अंशाइतका होता!

ही अचाट कल्पना सुचली कशी? रेनर वाइस हे प्राध्यापक १९६७ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत सापेक्षतावाद शिकवीत होते. जोसेफ वेबर हे शास्त्रज्ञ त्या काळी ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांनी ह्या लहरी पकडू पाहत होते. ते नेमके काय करतात, असे विद्यार्थ्यांनी विचारले. ते उत्तर वाइस ह्यांना स्वतःलाच पटेल असे देता येईना. मग त्यांनी विद्यार्थ्यांना कळेल असा सोपा विचारप्रयोग रचला: मोकळ्या वस्तू दूर दूर ठेवा आणि त्यांच्यामधून जायला प्रकाशाला किती वेळ लागतो ते मोजा. वर्गात मांडलेल्या ह्या उदाहरणाचा त्यांनी १९७२ मध्ये सविस्तर अहवाल लिहिला, आणि २०१७ मध्ये बॅरिश व थॉर्न ह्यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. समजावून सांगणे हे संशोधन झाल्यानंतरचे उपचाराचे काम आहे, असे मानणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी. येथे समजावण्याच्या धडपडीतूनच संशोधन जन्माला आले.

ह्याच वेधशाळेने दुसराही धडा दिला आहे. अमेरिकेत लिव्हिंग्स्टन येथील यंत्राला सुरुवातीच्या काळात आसपासच्या वृक्षतोडीच्या हादऱ्यांमुळे दिवसा काम करणे अवघड झाले होते. इतक्या नाजूक यंत्राचा शेजार करणाऱ्या गावांना ते कशासाठी आहे, हे उमगले पाहिजे. तेथे सामान्य माणूस केवळ श्रोता राहत नाही. तो त्या प्रयोगाचा वाटेकरी होतो.

मग आपल्या विषयांत तर हे कितीतरी अधिक खरे आहे. आपण ज्यांच्यावर लिहितो ती माणसे बोलतात. समजा, एका विद्यार्थ्याने ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळागळती’ असा विषय घेतला आणि तो तांड्यावर जाऊन आधी मांडला. एखादी माय उठून म्हणेल, “गळती कशाची, बाबा? पोराचं नाव तर पटावर आहेच. आम्ही कोयता घेऊन गेल्यावर त्याला सांभाळायचं कोणी, ते सांग.” ह्या एका वाक्याने त्याचा प्रकल्प बदलेल. शाळेच्या नोंदीतून गळतीचे आकडे जमविण्याऐवजी मुले हंगामात कोणाकडे राहतात, हे तो शोधू लागेल. भाषेचा विद्यार्थी हळदीच्या व्यवसायातील शब्द गोळा करणार असेल, तर जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड ह्यांतील फरक त्याला वसमतचा शेतकरी पहिल्याच दिवशी सांगेल. कोशात शोधीत बसावे लागणार नाही.

ह्यावर आक्षेप येतील. लोकांना उपयोग दिसेल तेच विषय टिकतील आणि शुद्ध ज्ञानाची गळचेपी होईल, असे काही प्राध्यापक म्हणतील. ही भीती अगदीच अनाठायी नाही. म्हणूनच चावडीने प्रश्न विचारावेत, मतदान करू नये. विषय ठेवावा की टाकावा, हे विद्यार्थी व मार्गदर्शक ह्यांनीच ठरवावे. दुसरा आक्षेप मराठीचा. अवघड विषय मराठीत सांगता येत नाहीत म्हणे! पुण्याची ‘आयुका’ ही लायगो-इंडियातील एक प्रमुख संस्था. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर आयुष्यभर मराठीत विज्ञान लिहीत राहिले. अडचण भाषेची नाही. आपल्यालाच विषय पुरता कळलेला नसतो, ही आहे. परक्या भाषेतील जड शब्दांआड अज्ञान लपते, आईशी बोलताना ते लपत नाही.

आणि आपल्या मातीला हे नवे थोडेच आहे? संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी ह्याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर ह्यांची कथा औंढ्याच्या देवळाशी जोडलेली आहे. कीर्तनकार सिद्धांत मांडतो आणि लगेच दृष्टांत देतो. दृष्टांत दिला म्हणून सिद्धांत पातळ झाला, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आविष्कारच्या महाविद्यालयीन फेरीपूर्वी दर वर्षी एक दिवस ‘संशोधन चावडी’ भरवावी. प्रत्येक विद्यार्थ्याला पाच मिनिटे मिळावीत. पडद्यावरची चित्रे नकोत. श्रोत्यांत पालक, शेतकरी, आडत दुकानावरचे हमाल, आशा कार्यकर्त्या आणि आपले शिपाईमामाही असावेत. पहिले प्रश्न त्यांनीच विचारावेत. प्राध्यापकांनी शेवटी बोलावे. मी काय विचारणार, कोणाला विचारणार, आणि त्यांना परत काय देणार, एवढे एका पानावर मराठीत लिहून ते पान ग्रंथालयात ठेवावे. प्रकल्प संपल्यावर त्याच श्रोत्यांसमोर निष्कर्षही सांगावेत.

ह्याला अनुदान लागत नाही, सभागृहही लागत नाही. पिंपळाचा पार पुरतो. लागते ते एवढेच, की आपल्याला अजून न कळलेली गोष्ट चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धैर्य. मित्रहो, ते पदवीच्या वर्षांत अंगी आले नाही, तर पुढे प्रबंधाच्या जाड पुठ्ठ्याआड दडून बसण्याचीच सवय लागेल.