म्हणे फेडररने 'घालवली'!

मंडळी, २०१९ च्या विम्बल्डन फायनलचा विषय निघाला की आमचे फेडररभक्त अजून तेच तुणतुणं वाजवतात, "मॅच त्याने घालवली!" (मीही त्याच पंथातला, पण तरी...) पाचवा सेट, ८-७, ४०-१५. पहिला पॉइंट फेडररच्या चुकीने गेला, मान्य. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट फोरहँडने पास केलं त्याला! तिन्ही टायब्रेकही त्याचेच. एकूण पॉइंट २१८ विरुद्ध २०४, फेडररचे जास्त, पाठ आहे हो मला! पण बेरजेवर कप देतात का?

आणि २००९ मध्ये रॉडिक दुसऱ्या सेटचा टायब्रेक ६-२ वरून हरला, शेवटी पाचवा सेट १६-१४ ने गेला. तेव्हा याच मंडळींच्या मते फेडरर 'जिंकला' होता!