राखेची ढाल पुरेशी आहे काय?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मातीच्या रसायनशास्त्रावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला असलो, तरी खाचरात चिखल तुडवणारा पहिला नव्हे.

शिळफाट्याजवळ आमची थोडी भातशेती आहे. शेजारच्या ओढ्यात कारखान्याकडून येणाऱ्या पाण्याचा रंग अधूनमधून बदलतो. गेल्या वर्षी वडिलांनी जमीन आरोग्य पत्रिका माझ्यापुढे धरली व म्हणाले, "वाच रे, जमीन बरी हाय का?" नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह अशा बारा बाबी मी वाचल्या. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक त्यांत नव्हते. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेच्या बारा बाबींत ते नाहीतच.

हे धातू काय करतात? जपानात जिंझू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातात उतरले आणि तो भात खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. तेथील सरकारने १९६८ मध्ये हे कारण मान्य केले.

उपाय आहेत. भाताला सिलिका मिळाली की कॅडमियम मुळातून वर चढण्यास अडथळा होतो. भाताच्या खाचरात आर्सेनिक तर सिलिकाच्याच वाटेने मुळात शिरते. सिलिका भरपूर असेल तर त्याला वाट कमी मिळते. चुन्याने मातीची आम्लता घटते व कॅडमियम मातीला धरून राहते. ही सिलिका आपल्या गिरणीतल्या तुसाच्या राखेत आहे. चारसूत्री भातलागवडीत ती राख रोपवाटिकेत घालावयास सांगितली आहे, ती रोप कणखर व्हावे म्हणून.

परंतु ढाल म्हणजे विजय नव्हे. राखेने धातू नाहीसा होत नाही. तो मातीतच राहतो. शिवाय रोग ओळखल्यावाचून औषध कसले? खाचरात पाणी तुंबवून ठेवले तर कॅडमियम कमी शोषले जाते, पण आर्सेनिक वाढते! आणि राखेचा, चुन्याचा खर्च शेतकऱ्याने सोसावा व घाण सोडणाऱ्याने नामानिराळे राहावे, हा कुठला न्याय?

कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्यापासून दूर नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. यंदा ओढ्याकाठच्या खाचरांतील माती गोळा करून तिच्यातील धातूंची तपासणी मागू या. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.

वडिलांना मला अजून उत्तर द्यायचे आहे.