स्वयंपाक करणारीलाही पूर्वरंग ऐकू द्या

वैशाख शुद्ध चतुर्दशीला आमच्या नरसिंहपुरात पाय ठेवायला जागा नसते. गाव पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला. नीरा आणि भीमा इथे एकमेकींना मिळतात, नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. लक्ष्मी-नृसिंह कितीतरी घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे जयंतीच्या सुमाराला घरोघरी पाहुणे उतरतात. देवळात कीर्तन रंगतं तेव्हा घरात चुलीवर मोठं पातेलं चढलेलं असतं. या दोन्हींवर माझा सारखाच जीव आहे, आणि म्हणूनच माझी एक मागणी आहे. उत्सवाच्या, जत्रेच्या, नाटकाच्या वेळा ठरवताना घरात रांधणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, हे आधी विचारात घ्या.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा एखादं पद घेतात आणि त्याचं निरूपण करतात. भक्ती, वैराग्य, कर्म यांचा उलगडा तिथे होतो. उत्तररंगात आख्यान. सासरी आल्यापासून मी देवळात पोचायचे ती आख्यान लागल्यावरच. पंगत उठवायची, खरकटं काढायचं, भांडी पालथी घालायची आणि मग पदराला हात पुसत निघायचं. माझ्यासोबत बसणाऱ्या बहुतेक बायकांची तीच गत. प्रल्हादाची गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे, पण ती गोष्ट ज्या विचारासाठी सांगायची तो विचार आमच्या कानांवर क्वचितच पडला. मोरोपंतांनी आयुष्य काढलं ते आमच्या शेजारच्या बारामतीत. 1794 मध्ये ते गेले, तरी कीर्तनकार त्यांच्या आर्या आजही पेरतात. आर्या कानात मुरायला निवांत बसावं लागतं. धावतपळत आलेल्या बाईला तो निवांतपणा कुठून मिळणार?

तमाशाचं तर विचारूच नका. गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा खेळ जत्रेत व्हायचा, पण घरंदाज म्हणवणाऱ्या बाईने तिकडे फिरकायचं नाही असा दंडक होता. तो सैल केला सिनेमाने. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये 131 आठवडे चालला. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांना पडद्यावर बघायला बायका उघडपणे गेल्या. माझ्या आईने लावणीतली अदा पहिल्यांदा पाहिली ती सिनेमातच. घुंगरांचा आवाज एरवी तिला लांबूनच ऐकू यायचा. पुढे नदीपलीकडे अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरू लागली, सहकुटुंब माणसं येऊ लागली. बायका समोर बसल्या म्हणून लावणीचं काहीही बिघडलं नाही. उलट नाचणारीच्या मेहनतीला नजरेची दाद मिळाली, कारण पायांत चाळ बांधून तासन् तास उभं राहणं म्हणजे काय, हे दिवसभर ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसला गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा मनात राहतातच, पण माझे डोळे दरवेळी गौरीबाईंच्या जिजाईवर खिळतात. नवरा विठ्ठलाच्या नादात, घरात दाणा नाही आणि पोरांच्या पोटाची काळजी हिच्या एकटीच्या डोक्यावर. तिच्या रागात जो जिव्हाळा आहे तो मला घरातला वाटतो. रांधणाऱ्या बाईला पडद्यावर इतकी ताकदीची जागा 1936 मध्ये मिळाली, मग मंडपात जागा मिळायला इतकी वर्षं का लागावीत?

कुणी म्हणेल, हौस असेल तर स्वयंपाक कमी करा. माझं उत्तर असं की स्वयंपाकही माझी हौसच आहे. थंडीत कुठे कार्यक्रम असला की त्या दिवशी मी हुलग्याची शेंगोळी करते. हुलगा उष्ण, वैशाखात तो चालत नाही, पण गारठ्यात त्यासारखं अन्न नाही. हुलग्याच्या पिठात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरं, हळद आणि मीठ घालून पीठ घट्ट मळायचं. तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या वळून टोकं जुळवायची. लसणाच्या फोडणीवर पाणी घालून खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळी सोडायची, घाई केली की ती एकमेकींना चिकटतात. झाकण घालून शिजू द्यायची. रस दाटला आणि शेंगोळी बोटाने सहज तुटली की झाली. एका पातेल्यात जेवण तयार. भाकरी थापत बसायला नको, वाढायला कुणी उभं राहायला नको. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावं आणि वेळेवर नाटकाला निघावं.

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळं दिसतं. मोबाइलवर मीही बघते. पण कीर्तनकार समोरचे चेहरे वाचून बोलतो. एखादा दृष्टान्त पोचला नाही असं वाटलं की तो दुसरा काढतो, लोक डोलायला लागले की पद पुन्हा घोळवतो. ज्या मंडपात बायका उशिरा येतात, तिथलं निरूपण पुरुषांचे चेहरे वाचूनच होणार. बायका पहिल्यापासून समोर असल्या तर बुवांचे दृष्टान्तही बदलतील, असा माझा विश्वास आहे.

काय करता येईल? रात्रीचं कीर्तन पंगती उठल्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करा. नाट्यप्रयोगाच्या दिवशी गावजेवण असेल तर ते दिवसाउजेडी उरकून घ्या. नृसिंहजन्म मात्र तिन्हीसांजेलाच व्हायचा, ती वेळ कुणी हलवू शकत नाही. म्हणून त्या संध्याकाळी घरची चूल पुरुषांनी सांभाळावी. भंडाऱ्याला आमच्या गावोगावचे पुरुष भल्यामोठ्या कढया ढवळतात, भाजीच्या मिठाचा अंदाज त्यांना बरोबर येतो. हजार माणसांचं रांधणाऱ्याला घरच्या दहा जणांचं जड जाणार नाही.

उत्सव समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाची पत्रिका छापायला टाकण्याआधी गावातल्या चार बायकांना बैठकीला बोलवा आणि त्यांना विचारा, “तुम्हाला किती वाजता यायला जमेल?” त्या सांगतील तीच वेळ पत्रिकेत छापा.