मनगटाचं ऐका

चाकणला आमच्या लाइनवर कुणाचा खांदा भरून यायला लागला की आम्ही आधी टेबलाची उंची बघतो. 'होईल सवय' असं माणसाला सांगत नाही. घरी क्लासिकल गिटार वाजवताना मात्र मी स्वतःला वर्षभर हेच सांगत होतो! डाव्या पायाखाली फूटस्टूल, कंबर पिळलेली, मनगट दुमडलेलं... आणि शेवटी बोटांना मुंग्या.

मग फूटस्टूल काढलं. दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर आधार लावून गिटारची नेक वर घेतली. मनगट आपोआप सरळ झालं. अंगठ्याने आवळण्याऐवजी हाताचं वजन तारेवर पडू दिलं.

हे काही पाप नाही. स्कॉटलंडचा पॉल गॅलब्रेथ तर गिटार चेलोसारखी उभी धरतो. अमेरिकेच्या डेव्हिड लाइस्नरचा हात फोकल डिस्टोनियामुळे अनेक वर्षं अधू होता. दंड-खांद्याचे मोठे स्नायू वापरायला शिकून तो पुन्हा मैफली करू लागला.

माझं मत एवढंच, की बैठक परंपरेने नाही, शरीराने ठरवावी. रियाजाने थकवा यावा, मुंग्या नाहीत. त्या मुंग्यांना मी वर्षभर 'मेहनत' म्हणत होतो, याची आज लाज वाटते.

असो. तुमचं मनगट काय म्हणतंय?