‘पाठीशी’ म्हणजे नेमके कोठे?

आमच्या निपाणीत मुलगी पाहायला आलेली मंडळी उठताना ‘कळवतो’ म्हणतात. ‘मुलगी पसंत नाही’ असे कुणी कुणाच्या सोप्यात बसून म्हटल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. ‘कळवतो’ हा शब्द कानी पडला, की पोह्यांच्या बशा उचलता उचलताच मुलीच्या आईला काय ते समजते. शेजारच्या कन्नड घरांतही हीच रीत. तिथे ‘नोडोण’ म्हणतात. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेही ‘होगि बर्तीनि’ म्हणतात. न बोलता बोलण्याची ही कला सीमाभागात दोन्ही भाषांत सुखाने नांदते. तिच्याशी माझे भांडण नाही. घरात ती दोन्ही पक्षांची अब्रू राखते.

माझे भांडण आहे ते हीच कला व्यासपीठावर नेऊन आमच्या तीन पिढ्यांना झुलवत ठेवणाऱ्यांशी. आणि झुलत राहणाऱ्या आम्हा श्रोत्यांशीही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्या हिवाळ्यात गावात एक सभा झाली. पलीकडून आलेले एक पाहुणे म्हणाले, “निपाणीकरांनो, आता फार दिवस थांबावे लागणार नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. वडील घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून माझी कन्नडची शिकवणी बंद झाली. वर्षभरात महाराष्ट्रात जायचे, मग महिन्याचे दोन रुपये मास्तरांना कशाला द्यायचे?

आता पाहुण्यांचे वाक्य पुन्हा वाचा. किती दिवस, हे त्यात नाही. कशासाठी थांबायचे आणि थांबणे संपल्यावर काय मिळायचे, हेही नाही. उरलेले वाक्य वडिलांनी आपल्या मनात पुरे केले आणि त्याची किंमत मी मोजली. वडील वारल्यावर शेतीच्या उताऱ्यावर नाव लावण्याबाबत एका कचेरीतून नोटीस आली. ती कन्नडमध्ये होती. वाचून दाखवणारा माणूस भेटेपर्यंत तिची मुदत उलटून गेली होती. दीड एकराच्या तुकड्यासाठी मी पुढे सहा वर्षे हेलपाटे घातले. कचेरीचा दोष होताच. पण त्या नोटिशीपुढे मला निरक्षर करून ठेवले ते सभेतल्या एका अर्धवट वाक्याने.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी या व्यवहाराचा विचार हजार वर्षांपूर्वीच केला. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले. पुढे मम्मटाने ‘सूर्य मावळला’ या साध्या विधानाचे उदाहरण घेतले. तेच शब्द गुराख्याला ‘गुरे घराकडे वळवा’ असे सांगतात, प्रेयसीला ‘तो येण्याची वेळ झाली’ असे सांगतात, आणि दुकानदाराला ‘माल आवरा’ असे. शब्द एकाचे, अर्थ ऐकणाऱ्याचा. १९६७ साली, म्हणजे माझी शिकवणी बंद झाली त्याच सुमारास, पॉल ग्राइस नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ हार्वर्डच्या व्याख्यानांत याच गोष्टीची फोड करीत होता. सूचित अर्थाचे त्याने सांगितलेले एक लक्षण आम्ही सीमावासीयांनी पाठ करून ठेवावे असे आहे: सूचित अर्थ बोलणाऱ्याला केव्हाही मागे घेता येतो. ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ असे तो म्हणू शकतो, आणि ते खोटेही नसते.

हे लक्षण ध्यानात ठेवून दोन्हीकडची भाषणे ऐका.

कर्नाटकातले नेते सांगतात, ‘महाजन अहवालच अंतिम.’ ऑगस्ट १९६७ च्या त्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवले, हे खरे. पण त्याच अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असेही म्हटले होते. म्हणजे अहवाल खरोखर अंतिम असता, तर मी आज कर्नाटकाचा मतदार नसतो. ‘अंतिम’चा शब्दार्थ एक आणि ध्वनी दुसराच: आहे तसेच राहील. सीमावाद म्हणजे ‘मुगिद अध्याय’, संपलेला अध्याय, हेही असेच. खरोखर संपलेल्या अध्यायाची घोषणा कुणी वर्षानुवर्षे करीत बसत नाही. ‘इल्लि इरोरु कन्नड कलीबेकु’, इथे राहणाऱ्यांनी कन्नड शिकावे, या वाक्याचा शब्दार्थ मला पूर्ण मान्य आहे. मी ती शिकलो नाही याचा पस्तावा वर सांगितलाच. टोचते ते ‘इथे राहणारे’. जणू आम्ही काल भाड्याने राहायला आलो. पण ‘इथली भाषा मराठीच’ असे आपण गरजतो तेव्हा त्यातला ‘च’ पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेल्या कन्नड शेजाऱ्याला तितकाच टोचतो, हे आपण कधी मनात आणतो का?

आता आपल्या माणसांकडे वळू. ‘आम्ही सीमावासीयांच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत’ या वाक्यावर आमचे केस पांढरे झाले. पाठीशी म्हणजे मागे. मागे उभा असलेला माणूस पुढचा घाव अंगावर घेत नाही आणि त्याच्या जागी आपणच चालायचे असते. ‘आम्ही काय करू’ हे क्रियापद त्या वाक्यात कोठेच नाही. ‘उभे आहोत’ एवढेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे समन्वयक मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई बेळगावला येणार होते. ३ तारखेची ६ झाली आणि ६ तारखेला कुणी आले नाही. कर्नाटकाने प्रवेशबंदी केली, हे खरे. पण दौरा ‘रद्द’ झाला नाही, ‘पुढे ढकलला’. मुलगी पाहायला आलेल्यांचे ‘कळवतो’ ते हेच!

त्याच महिन्यात १४ तारखेला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही मुख्यमंत्री बसले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावा सांगायचा नाही असे ठरले. २२ तारखेला कर्नाटक विधिमंडळाने ‘एक इंचही देणार नाही’ असा ठराव केला. २७ तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांच्या इंच इंच भूमीसाठी लढण्याचा. दोन्ही ठराव एकमताने. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे, हे दोन्ही सभागृहांना ठाऊक होते. ठरावांनी जमीन हलणार नव्हती. टाळ्या मात्र दोन्हीकडे पडल्या.

मुलाखतीत विचारावे तर उत्तर येते, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ महाराष्ट्राने दावा २००४ साली दाखल केला. दावा चालू असताना नेत्याने जपून बोलावे, एका शब्दाने खटला बिघडू शकतो, असा युक्तिवाद आमचे काही मित्र करतात. तो मी मान्य करतो. पण मग सभेतही तितकेच जपून बोला. दादा कोंडक्यांच्या संवादांची गंमत हीच होती, की सेन्सॉरला एक अर्थ दाखवायचा आणि प्रेक्षकाला दुसरा. तिकीट काढणाऱ्याला तो खेळ माहीत असे आणि तो हसून घरी जाई. आमचे नेते न्यायालयाला एक अर्थ दाखवतात आणि मैदानाला दुसरा. फरक इतकाच, की इथला प्रेक्षक आपल्या मुलाची शिकवणी बंद करून बसतो.

जब्बार पटेलांचा ‘सामना’ १९७५ साली आला. तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या चित्रपटात डॉ. लागूंचा दारुडा मास्तर निळू फुल्यांच्या हिंदुरावाला मारुती कांबळेविषयी एकच प्रश्न विचारत राहतो. शब्दांत आरोप नाही, नुसती चौकशी. तरी हिंदुरावाला आरोप ऐकू येतो आणि त्याचे साम्राज्य हादरते. दुबळ्याच्या तोंडी सूचकता शस्त्र होते; बलवानाच्या तोंडी ती पळवाट होते. आपण मात्र शस्त्र टाकून दिले आणि त्यांची पळवाट झाडून-सारवून साफ ठेवली. वक्त्याचे अर्धे वाक्य आपणच भक्तिभावाने पुरे करतो आणि फसलो की त्याला दगाबाज म्हणतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. अर्धे वाक्य पुरे करणे आपण बंद करावे. मास्तरासारखे साधे प्रश्न विचारावेत. मराठी शाळेत शिक्षक केव्हा येणार? कचेरीतली नोटीस मराठीत मिळावी म्हणून तुम्ही काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत? नाही झाले तर पुन्हा इथे येऊन तसे सांगणार का? हेच प्रश्न मराठी नेत्याला मराठीत आणि कन्नड नेत्याला कन्नडमध्ये विचारता आले पाहिजेत. त्यासाठी माझी नात दोन्ही लिपी शिकते आहे. तिची शिकवणी कुणाच्याही भाषणाने बंद होणार नाही.

पुढच्या सभेत कुणी ‘पाठीशी’ म्हणाले, तर उठून नम्रपणे विचारा: पाठीशी म्हणजे कोठे, आणि केव्हापासून? उत्तर ‘बघू’ असे आले, तर त्याचा अर्थ घरी बशा उचलणाऱ्या बायकांना विचारून घ्या. त्या चुकत नाहीत.