शिखरावरचं दुसरं नाव

मे महिना उजाडला की आपल्या वर्तमानपत्रांत एव्हरेस्टच्या बातम्या येऊ लागतात. अमक्या जिल्ह्याच्या सुपुत्राने, तमक्या तालुक्याच्या कन्येने सर्वोच्च शिखर सर केलं. हातात तिरंगा, गावी परतल्यावर मिरवणूक. हे कौतुक योग्यच आहे. पण त्या गिर्यारोहकासोबत शिखरापर्यंत गेलेल्या शेर्पाचं नाव बातमीत क्वचितच सापडतं, आणि त्या नावाशिवाय छापलेली बातमी चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

चढाईतलं काम कोण करतं ते पाहा. नेपाळच्या बाजूने वाट सुरू होते ती खुंबू हिमप्रपातातून. तिथला बर्फ सतत सरकत असल्याने दरवर्षी नवी वाट शोधावी लागते. ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणून ओळखली जाणारी शेर्पांची तुकडी ते काम करते. भेग रुंद असली की ॲल्युमिनियमच्या दोन-तीन शिड्या टोकाला टोक बांधून आडव्या टाकायच्या, धरायला दोर लावायचे आणि बर्फ सरकून शिडी कलली की पुन्हा जाऊन ती नीट करायची. वरच्या उतारांवरचे दोरही मुख्यतः शेर्पाच बांधतात. तंबू, गॅस, शिधा, प्राणवायूची नळकांडी त्यांच्याच पाठीवरून वर जातात. हल्ली बरेच गिर्यारोहक विरळ हवेचा सराव लोबुचेसारख्या जवळच्या, कमी उंचीच्या शिखरावर करतात, म्हणजे हिमप्रपातातल्या फेऱ्या कमी होतात. ते शहाणपणाचंच आहे, पण ओझं वाहणाऱ्याच्या फेऱ्या त्याने कमी होत नाहीत. १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी याच हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ जण ठार झाले. सगळे नेपाळी कामगार होते.

हे विसरणं जुनंच आहे. ३१ जुलै १९५४ रोजी दोन इटालियन गिर्यारोहक के-टूच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. त्यांचा प्राणवायू आदल्या दिवशी वाल्तेर बोनात्ती आणि हुंझाचे अमीर मेहदी यांनी सुमारे ८,१०० मीटरपर्यंत वाहून नेला होता. ठरल्या जागी तंबू नव्हता. दोघांनी ती रात्र उघड्यावर, बर्फात काढली आणि मेहदींच्या पायांची बोटं गेली. त्या रात्रीबद्दलचं बोनात्तींचं म्हणणं इटलीच्या गिर्यारोहण संघटनेने मान्य केलं, तेही अर्धशतक उलटल्यावर. मेहदींचं नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याआधी वर्षभर, १९५३ मध्ये, एव्हरेस्टवर हिलरी आणि तेनसिंग यांची नावं जगाने जोडीने घेतली होती. तेव्हा जमलं ते आज जमत नाही, याचं मला वाईट वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा: शेर्पांना मोबदला मिळतो, मग श्रेय कशाला? मोबदला मिळतो हे खरं. त्यावर खुंबूतल्या कित्येक कुटुंबांनी घरं बांधली, मुलं शिकवली. पण शल्यविशारदाला फी दिली म्हणून शस्त्रक्रिया आपणच केली असं कोणी सांगत नाही. शिवाय जोखमीच्या मानाने हा मोबदला किती तोकडा आहे, ते २०१४ मध्ये दिसलं. मृतांच्या कुटुंबांना नेपाळ सरकारने तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पा संतापले आणि तो हंगाम तिथेच थांबला. आता वसंतातल्या एव्हरेस्टच्या नुसत्या परवान्यालाच माणशी १५,००० डॉलर पडतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दोर कोणीही बांधो, आठ हजार मीटरच्या वर चढायचं ते स्वतःच्याच पायांनी. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण एक-तृतीयांश उरतो आणि जीव जाण्याची भीती गिर्यारोहकालाही असते. मान्य. म्हणून त्याचं नाव वगळा असं मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरं नाव लिहा, एवढंच मागणं आहे. याने खऱ्या एकल चढाईलाही न्याय मिळेल. राइनहोल्ड मेसनर १९८० मध्ये तिबेटच्या बाजूने, कृत्रिम प्राणवायूशिवाय, एकटा एव्हरेस्टवर गेला. आपल्या बातम्यांत मात्र तशी चढाई आणि दोराला धरून, शेर्पाच्या सोबतीने केलेली चढाई एकाच वाक्यात सांगितली जाते. वाचकाला फरक कळणार कसा?

नाव मिळवणं अवघड नाही. गिर्यारोहक त्या शेर्पासोबत कित्येक दिवस काढतो. वार्ताहराने फक्त विचारायचं आहे. सत्कार करणाऱ्या संस्थांनी आणि सरकारनेही मानपत्रात ते नाव घालावं, आणि बक्षिसाच्या रकमेतला एक वाटा त्या शेर्पाच्या घरी पोचवावा.