फिझाबादचा धडा

त्रिनिदादमध्ये कामगार दिन १९ जूनला पाळला जातो. त्यामागे १९३७ चा उठाव आहे. सरकारी दप्तराने त्याची नोंद ‘दंगे’ अशी केली. उपाशी माणसाच्या मागणीला दंगा ठरविणे ही राज्यकर्त्यांची जुनी खोड आहे.

बेटाच्या दक्षिण भागात तेलविहिरी होत्या. मंदी ओसरताच कंपन्यांचे नफे सावरले, महागाई वाढली. मजुरी मात्र जागची हलली नाही. ग्रेनाडाहून आलेला, तेलक्षेत्रातील अपघाताने लंगडा झालेला युराया बटलर हा धर्मोपदेशक या मजुरांचा पुढारी झाला. फिझाबादच्या सभेत पोलीस त्याला पकडावयास गेले आणि जमाव उसळला. चार्ली किंग या पोलिसाला जाळून मारण्यात आले. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. संप उसाच्या मळ्यांत पसरला. युद्धनौका आल्या, गोळीबार झाले. एकूण १४ माणसे मेली. बटलर तुरुंगात गेला. १९३९ साली सुटला, तोच महायुद्ध सुरू होताच पुन्हा स्थानबद्ध झाला.

परंतु या उठावाचे खरे महत्त्व निराळेच आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे दीड लाख हिंदी करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेण्यात आले. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मजुराला वाढीव मजुरी मागता येऊ नये, हा मळेवाल्यांचा हिशेब होता. अर्थशास्त्र याला श्रमाचा पुरवठा वाढविणे म्हणते. साध्या भाषेत, एका गरिबाच्या पोटावर दुसऱ्या गरिबाचा पाय ठेवणे. पुढे तेलावर मुख्यतः आफ्रिकी वंशाचे व उसात हिंदी वंशाचे मजूर, अशी वाटणी रुळली. १९३७ ने ती भिंत हलविली. उठावानंतर तेलकामगार व साखरकामगार अशा दोन्ही संघटनांचे अध्यक्षपद एकाच माणसाकडे आले : एड्रियन कोला रिएन्झी, मूळचे कृष्ण देवनारायण.

उठावांच्या चौकशीसाठी नेमलेल्या मॉइन आयोगाचा संपूर्ण अहवाल ब्रिटिश सरकारने १९४५ पर्यंत दाबून ठेवला. १९४६ साली प्रौढ मताधिकार आला, १९६२ साली स्वातंत्र्य. पण मतपेटीपाशी पोहोचता पोहोचता मजुरांची एकजूट विस्कटली. १९५६ पासून मुख्य पक्षांची विभागणी बव्हंशी वंशावर झाली. संपात जे एकत्र उभे राहिले ते मतदानाला वेगळे झाले.

वसाहतवादाचे निशाण एका रात्रीत उतरते. त्याने शिकविलेला भागाकार मात्र आपला आपणच पुसावा लागतो, आणि ते काम संपापेक्षा अधिक चिकाटीचे आहे.